आरोग्यरक्षणार्थ

महाराष्ट्रात दारूबंदी आहे.

वाचून हसू आलं असेल, तर कायद्याचं पुस्तक काढून बघा. १९४९ साली तेव्हाच्या मुंबई प्रांताने दारूबंदीचा अधिनियम केला. पुढे प्रांताचं राज्य झालं, राज्याची दोन राज्यं झाली. ज्यांनी हा कायदा हिरिरीने राबवला ते मोरारजीभाई मुख्यमंत्री झाले, पंतप्रधान झाले, शंभरीच्या उंबरठ्यावर जाऊन निवर्तले. कायदा मात्र ठणठणीत आहे. मध्यंतरी त्याच्या नावातली ‘मुंबई’ जाऊन ‘महाराष्ट्र’ आलं, कलमांना जागोजाग ठिगळं लागली, पण मूळ म्हणणं तेच राहिलं. या राज्यात दारू विकत घेणं, जवळ बाळगणं आणि पिणं हा गुन्हा आहे. परवाना असेल तर गोष्ट वेगळी.

तेव्हा शनिवारी संध्याकाळी कोपऱ्यावरच्या वाइन शॉपसमोर जी झुंबड उडते, जाळीतून हात आत जातात आणि काळ्या पिशवीसकट बाहेर येतात, ती कायद्याच्या नजरेने गुन्हेगारांची टोळी आहे. तिच्यात बँकेतले साहेब असतात, रिक्षावाले असतात, शाळेत नागरिकशास्त्र शिकवणारे सरही असतात. परवाना कुणाच्याच खिशात नसतो. दुकानदार मागत नाही, गिऱ्हाईक दाखवत नाही. सरकार हे सगळं बघतं आणि संध्याकाळी किती बाटल्या खपल्या याचा हिशेब मागतं.

जिथे बसून प्यायची त्या जागेला तर आपण परमिट रूमच म्हणतो. दारावर ठळक अक्षरांत तशी पाटी असते. आत गेल्यावर परमिट सोडून सगळ्याची चौकशी होते. सोडा की पाणी, पाणी थंड की साधं, चकण्याला शेंगदाणे की उकडलेली अंडी, पापड मसाला की साधा. एका टेबलावर चार जण असले तर बिल एक की चार, हेही आधीच विचारून घेतात. नागरिकाच्या एवढ्या बारीकसारीक आवडीनिवडी विचारणारी दुसरी संस्था आपल्याकडे नाही.

पण कायद्याला कागद लागतो, आणि कागद कुणीतरी भरावाच लागतो. त्यासाठी एक दिवसाचा परवाना असतो. विदेशी मद्यासाठी पाच रुपये, देशीसाठी दोन. म्हणजे एका दिवसाच्या स्वातंत्र्याची किंमत कटिंग चहाहून कमी. या परवान्यांची पुस्तकं बारवाले गठ्ठ्याने घेऊन ठेवतात. एका थर्टी फर्स्टला मी आमच्या भागातल्या एका बारच्या गल्ल्याशेजारी जागेची वाट बघत उभा होतो. मॅनेजर मान खाली घालून भराभरा पावत्या फाडत होता. नावं सुचावीत म्हणून त्याने समोर एक लग्नपत्रिका उघडून ठेवली होती. निमंत्रक संपले, आजोळ संपलं, व्यवस्थापक संपले, आणि गर्दी अजून आत येतच होती. शेवटी त्याने पत्रिकेच्या तळाशी ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं’ असं म्हणणारी जी किलबिल असते, तिला हात घातला. त्या रात्री चिनू, पिंट्या आणि छकुली यांना विदेशी मद्य पिण्याचा रीतसर परवाना मिळाला. त्यांच्या नावावर जे प्यायलं गेलं त्यात थोडं माझंही होतं.

ही लबाडी मनाला लागली म्हणा, किंवा रिकामा वेळ होता म्हणा, मी स्वतःच्या नावाचा परवाना काढायचं ठरवलं. मित्रमंडळींत हे सांगितल्यावर जी शांतता पसरली, ती मी दारू सोडतो असं म्हणालो असतो तरी पसरली नसती. बापू म्हणाला, “अरे, उगाच सरकारदरबारी नाव कशाला नोंदवतोस? उद्या यादी काढली तर?” बापूचं हे नेहमीचं. तो आयकर भरतो, आधार पॅनला जोडतो, मोबाइलवर येईल त्या परवानगीला होकार देतो, पण पेग मात्र भूमिगत राहून घेतो.

परवाना वर्षाचा शंभर रुपयांत मिळतो आणि आजीवन हजार रुपयांत. हिशेब सोपा आहे. आणखी दहा वर्षांपेक्षा जास्त जगणार असाल तर आजीवन परवडतो. मी पेन घेऊन अर्जापुढे विचार करत बसलो. एवढा गंभीर प्रश्न मला विमा एजंटानेसुद्धा कधी इतक्या थेट विचारला नव्हता. बायकोने चहा ठेवता ठेवता अर्जात डोकावून पाहिलं आणि विचारलं, “अहो, आजीवन म्हणजे कुणाचं जीवन?”

परवाना हातात आल्यावर कळलं की तो मौजेसाठी दिलेलाच नाही. कायद्याच्या भाषेत माझी प्रकृती जतन व्हावी, ती टिकून राहावी, यासाठी मला दारू पिण्याची मुभा आहे. बाटलीवर मात्र मद्यपान आरोग्यास हानिकारक असल्याचा इशारा छापलेला असतो, आणि तोही सरकारनेच सक्तीने छापायला लावलेला. दोन्ही कागद मी शेजारी शेजारी ठेवून वाचले. एक सरकार म्हणतं पिऊ नका, तब्येत बिघडेल. दुसरं म्हणतं प्या, पण तब्येतीसाठीच. नागरिकाने दोघांचाही मान राखायचा असेल तर आजारी पडण्यापुरती प्यावी आणि बरं होण्यापुरती पुन्हा प्यावी.

वयाचंही असंच आहे. अठराव्या वर्षी मतदान करता येतं. एकविसाव्या वर्षी सरपंच होता येतं आणि सौम्य बिअर घेता येते. पंचविसाव्या वर्षी आमदार होता येतं आणि व्हिस्की घेता येते. विधानसभा आणि व्हिस्की यांना सारखीच परिपक्वता लागते हे घटनाकारांना आणि अबकारीवाल्यांना वेगवेगळ्या वाटेने एकदमच कसं सुचलं, याचं मला कौतुक वाटतं. तेविशीतला सरपंच गावातलं देशी दारूचं दुकान हवं की नको यावर ग्रामसभा चालवू शकतो, त्या दुकानात जाऊ मात्र शकत नाही. आणि निवडणूक आली की वय कितीही असो, मतदान संपण्याआधीचे ४८ तास सगळ्यांनाच कोरडे. देशाचं सरकार निवडण्याची अक्कल तुमच्यापाशी आहे, फक्त ती दोन दिवस आधीपासून बाटलीपासून लांब ठेवा, असा हा विश्वास आहे.

हे सगळं सुरू कसं झालं ते बघण्यासारखं आहे. राज्यघटना लिहिली जात असताना, १९४८च्या नोव्हेंबरात, संविधान सभेत दारूबंदीवर चर्चा झाली. मादक पेयं बंद करण्याचा राज्याने प्रयत्न करावा असं मार्गदर्शक तत्त्वांत घालायचं होतं. विरोधात उभे राहिलेल्यांत एक होते कोल्हापूरचे खर्डेकर. शिक्षणक्षेत्रातला माणूस, आणि भर गांधीवादी सभेत व्यक्तिस्वातंत्र्याची बाजू घेऊन बोलला. दुसरे जयपालसिंह मुंडा, हॉकीचे कप्तान आणि आदिवासींचे पुढारी. तांदळाची बिअर हा आमच्या धर्मकार्याचा भाग आहे, तुम्ही कोण बंद करणार, असा त्यांच्या म्हणण्याचा सूर होता. दोघांचंही कुणी ऐकलं नाही. सत्तेचाळीसावं कलम घटनेत आलं, औषधापुरती सूट ठेवून. आपल्या परवान्यातली ती तब्येतीची काळजी याच फटीतून आत आली.

मुंबईत तोवर मोरारजीभाई गृहमंत्री म्हणून कामाला लागले होते. ६ एप्रिल १९५० पासून पूर्ण दारूबंदी. (मोरारजीभाई स्वतः काय पीत हे सर्वांना ठाऊक आहे, आणि त्यावर कुठल्याही सरकारने बंदी घातली नाही, हे लोकशाहीचं मोठेपण.) तेव्हाचा कायदा इतका कसोशीने केलेला होता की दारू पिणं तर सोडाच, दारूची तारीफ करणं हाही गुन्हा होता. चारचौघांत ‘काय चीज आहे!’ असं म्हटलंत तरी कलम लागू. औषधं आणि प्रसाधनंही सुटली नव्हती, कारण त्यांत अल्कोहोल. तापात आजीच्या कपाळावर यूडीकोलनची पट्टी ठेवणारी सून कायद्याच्या कडेवर उभी होती.

मग फ्राम नसरवानजी बलसारा नावाचे एक पारशी गृहस्थ कोर्टात गेले. या माणसाचा पुतळा नाही, चौक नाही, जयंती नाही; त्या दिवशी ड्राय डे पाळायची सोय नाही म्हणून नसेल कदाचित. त्यांनी आपल्या हक्काची यादीच दिली. व्हिस्की, ब्रँडी, वाइन, बिअर, औषधी वाइन, यूडीकोलन. नवी कोरी घटना, मूलभूत हक्कांची शाई ओली, आणि एक नागरिक सरकारला विचारतोय की माझ्या कपाटातल्या बाटलीशी तुमचा काय संबंध. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २५ मे १९५१ रोजी निकाल लागला. दारूबंदी वैध ठरली. सैन्याच्या मेसला दिलेली सूटही वैध ठरली, म्हणजे ज्याच्या हातात बंदूक आहे त्याच्या दुसऱ्या हातात रम चालेल, ज्याच्या हातात भाजीची पिशवी आहे त्याच्या नाही. औषधं आणि यूडीकोलन सुटलं. आणि दारूची वाखाणणी करायला बंदी घालणारं कलम मात्र न्यायालयाने उडवलं, कारण ते भाषणस्वातंत्र्याच्या आड येत होतं.

या निकालासारखा रेखीव निकाल मी दुसरा वाचलेला नाही. तुम्हाला दारूविषयी बोलायचं पूर्ण स्वातंत्र्य आहे. ती कशी उतरते, कशी चढते, कोणत्या पिंपात मुरते यावर तासभर व्याख्यान द्या, घटना तुमच्या पाठीशी आहे. घोट घेतलात की पोलीस. आपल्याकडच्या स्वातंत्र्याचा एकंदर बेतच तेव्हा ठरून गेला असं मला वाटतं. तेव्हापासून आपण बोलतोय फार.

मुंबईकर अर्थात नुसतं बोलत बसले नाहीत. धोबीतलाव, वांद्रे, माझगाव अशा भागांत घराघरांतून आंट्यांचे अड्डे निघाले. दारावर मेरीमातेची तसबीर, आत फळकुटाच्या बाकावर चार गिऱ्हाईकं, बशीत चणे. गूळ आणि नवसागर यांना जे महत्त्व आलं ते स्वयंपाकघरात कधीच आलं नव्हतं. हातभट्टीवाले गब्बर झाले, हप्ते ठरले, आणि मराठी भाषेला ‘पहिल्या धारेची’ हे खणखणीत विशेषण मिळालं. साठच्या दशकात सरकारने हळूहळू बंदी सैल केली. कायदा रद्द केला असता तर गोष्ट मिटली असती. पण कायदा तसाच ठेवून परवान्याचं दार किलकिलं केलं, आणि त्यातच खरी हुशारी होती.

कारण रद्द केलेला कायदा कुणाच्याच कामाचा नसतो. न पाळला जाणारा कायदा मात्र फार उपयोगी पडतो. तो सगळ्यांना लागू असतो, पण लागतो एखाद्यालाच. ज्याच्याशी वाकडं आहे त्याला, ज्याने सोसायटीच्या बैठकीत तोंड उघडलं त्याला, ज्याच्या गाडीवर परजिल्ह्याचा नंबर आहे त्याला. बाकीच्यांनी आपापली काळी पिशवी घेऊन निमूट घरी जावं. आपण कुणाच्या अध्यात ना मध्यात, असं म्हणत जगणारा सज्जन माणूसही रोज थोडा थोडा गुन्हेगार असतो, आणि हे त्याला ठाऊक असल्यामुळे तो सज्जन राहतो.

सरकारचं मात्र ठीक चाललंय. एकीकडे व्यसनमुक्तीचं धोरण आहे आणि नशाबंदीच्या प्रचारासाठी अनुदान आहे. दुसरीकडे राज्य उत्पादन शुल्क विभागाला दरवर्षी महसुलाचं उद्दिष्ट ठरवून दिलं जातं, आणि वसुली वीस हजार कोटींच्या पुढे जाते. म्हणजे आपल्याकडे एक मंत्री लोकांनी पिऊ नये म्हणून झटतो, आणि लोकांनी त्याचं ऐकलं तर दुसऱ्याचं अंदाजपत्रक कोसळतं. २०२२ मध्ये वाइन सुपरमार्केटात ठेवायचं ठरलं तेव्हा वाइन म्हणजे दारू नव्हे असा सिद्धांतही सत्ताधाऱ्यांकडून मांडला गेला. द्राक्षबागायतदार खूश झाले, अण्णा हजारे उपोषणाची भाषा बोलू लागले, आणि वाइन जिथे होती तिथेच राहिली. २०२० च्या टाळेबंदीत तर खरी गंमत झाली. मे महिन्यात दुकानं उघडताच तळीरामांच्या रांगा लागल्या, मुंबईत दोन दिवसांत पुन्हा सगळं बंद झालं. मग घरपोच सेवा आली, पण परवानाधारकांनाच. त्या आठवड्यात बापूचा फोन आला. “तो तुझा परवाना,” तो जरा घुटमळला, “त्यावर दोन जणांचं आरोग्य बसेल का?”

इथवर लिहून मी खुशीत होतो, कारण व्यक्तिस्वातंत्र्याची बाजू घेताना आपण किती शहाणे आहोत असं वाटत राहतं. पण या प्रकरणाला एक दुसरी बाजू आहे आणि ती बारमध्ये बसून दिसत नाही. आपल्याकडे गावात किंवा वॉर्डात दारूचं दुकान बंद करायचं असेल तर बायकांना मतदान घेता येतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं. उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी बाटली म्हणजे बंद करा. जगात एवढी स्पष्ट निवडणूक चिन्हं कुठे नसतील. आडव्या बाटलीच्या प्रचाराला बायका घरोघर फिरतात, आणि उभ्या बाटलीच्या प्रचाराला ज्यांना मत नाही ते सगळे.

पण अट बघा. झालेल्या मतांपैकी निम्मी नाही, यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडवी पडायला हवीत. जी सून बाळंतपणाला माहेरी गेली ती उभी बाटली. जी ऊसतोडीला गेली तीही उभी बाटली. जी वारली पण यादीतून निघाली नाही, ती स्वर्गातून उभ्या बाटलीला मत देते. हीच अट लावली तर विधानसभेत किती खुर्च्या भरतील याचा हिशेब ज्याने त्याने करावा. आणि तरीही बायकांनी गावंच्या गावं आडवी केली आहेत. ज्या घरी आठवड्याचा पगार शनिवारी रात्री संपतो, तिथे बलसारांची यादी वाचून दाखवायची हिंमत माझ्यात नाही. नवऱ्याचं स्वातंत्र्य जिथे सुरू होतं तिथे बायकोचं डबे झटकणं सुरू होतं.

बंदीने सगळं सुटतं असंही नाही. वर्ध्यात गांधी-विनोबांच्या नावाने सत्तरीच्या दशकापासून बंदी आहे. गडचिरोलीत १९९३ पासून आहे, ती लोकांनी लढून आणली. चंद्रपुरात २०१५ मध्ये लागली आणि २०२१ मध्ये उठली. तिकडच्या जंगलात तर गोष्ट आणखी वरची. मोहाची फुलं झाडाखाली सडा घालतात, आदिवासी बायका पहाटे वेचतात, वाळवतात, खातात, गुरांना घालतात. कायद्याने त्या फुलांवरही नजर ठेवली होती, का, तर त्यांची दारू होऊ शकते. फूल वेचून साठवायला सरकारची परवानगी! अलीकडे ती बंधनं सैल झाली. जयपालसिंहांना ऐकायला आवडलं असतं.

आणि बांद्याच्या पलीकडे गेलं की सगळंच बदलतं. गोव्यात काजूची फेणी २०१६ पासून राज्याचा वारसा आहे. तीच बाटली पत्रादेवीच्या नाक्याच्या अलीकडे आली की दुसऱ्या दिवशीच्या पेपरात ‘गोवा बनावटीच्या दारूसह मुद्देमाल जप्त’. वारशाला मुद्देमाल व्हायला एक तपासणी नाका पुरतो. माणूस तोच, घसा तोच, देश तोच. कुणी आक्षेप घेत नाही, सगळे बाटल्या कपड्यांत गुंडाळायचं कसब शिकतात. नाक्यावर विचारलं, गाडीत काय, तर आमची पिढीजात सवय आहे, काजू म्हणायची.

माझा परवाना मात्र एकदा खरोखरच कामी आला. रात्रीची नाकाबंदी होती. मी शुद्धीत होतो, गाडीच्या डिकीत पाहुण्यांसाठी घेतलेली बाटली होती. तरुण हवालदाराने टॉर्च मारला, बाटली वर काढली आणि ठरलेल्या सुरात विचारलं, “परमिट आहे का?” या प्रश्नाला उत्तर नसतं, असलीच तर नोट असते, हे दोन्ही पक्षांना माहीत असतं. मी पाकिटातून घडी काढून त्याच्या हातात दिली.

त्याने ती उलगडली. टॉर्चच्या उजेडात माझा फोटो पाहिला, मला पाहिलं. आरोग्याचा मजकूर ओठ हलवत वाचला. कागद उलटा करून मागे काही आहे का तेही बघितलं. मग बॅरिकेडपाशी उभ्या असलेल्या दोघांना हाक मारली, “ओ, इकडं या जरा.” तिघांनी मिळून परवाना पाहिला. सगळ्यांत वडील जे होते त्यांनी नोकरीत पहिल्यांदाच खरा बघतोय असं कबूल केलं. बाटली परत डिकीत गेली. मी गाडी सुरू केली तसा तो तरुण हवालदार खिडकीशी वाकला आणि आवाज खाली आणून म्हणाला,

“साहेब, हे काढायला काय काय कागद लागतात हो? आमच्यात कुणाकडंच नाही.”